विश्लेषण : मोठे ब्रेक लावले की स्पोर्ट्स कार खरेच लवकर थांबते का?

चाकाच्या आऱ्यांमधून डोकावणारे लाल कॅलिपर आणि त्यामागे ताटाएवढी डिस्क. स्पोर्ट्स कारच्या मालकांमध्ये ‘बिग ब्रेक किट’ हा इंजिनाच्या ट्यूनिंगइतकाच लोकप्रिय बदल आहे. चांगल्या कंपनीच्या संचासाठी अमेरिकेत दोन हजार डॉलरपासून पुढे कितीही पैसे मोजावे लागतात. मोजणाऱ्या बहुतेकांची अपेक्षा एकच असते, ती म्हणजे गाडी आता कमी अंतरात थांबेल. रस्त्यावरच्या गाडीच्या बाबतीत ही अपेक्षा सहसा पूर्ण होत नाही. मग मोठे ब्रेक नेमके कशासाठी असतात? ते कोणाला लागतात? आणि चुकीचा संच बसवला तर गाडी उलट उशिरा का थांबू शकते?

‘बिग ब्रेक किट’मध्ये काय असते?

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. तो दाब पाइपातून चाकापर्यंत पोहोचतो. तिथे कॅलिपरमधले पिस्टन पुढे सरकतात आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला ब्रेक पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घर्षण होते, गाडीच्या गतीची उष्णता होते आणि गाडी थांबते. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि त्यानंतर ही पद्धत हळूहळू रोजच्या गाड्यांमध्ये आली.

मोठ्या ब्रेकच्या संचात मूळच्यापेक्षा मोठ्या व्यासाची आणि जाड डिस्क, चार किंवा सहा पिस्टनचा ॲल्युमिनियमचा कॅलिपर, तो बसवण्याचे ब्रॅकेट, पॅड आणि स्टीलची जाळी असलेले होज पाइप असतात. ब्रेम्बो, एपी रेसिंग, स्टॉपटेक, विलवूड, अल्कॉन ही या धंद्यातली ठळक नावे. बरेचसे संच फक्त पुढच्या दोन चाकांसाठी विकले जातात. पुढे येणारा मोठा घोळ नेमका इथूनच सुरू होतो.

उदाहरणासाठी टोयोटा ८६ घेऊ. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून केलेली आणि २०१२ मध्ये बाजारात आलेली ही दोन दारांची गाडी. तिचेच सुबारूचे भावंड म्हणजे बीआरझेड. वजन साधारण साडेबाराशे किलो, दोन लिटरचे इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती आणि जोर मागच्या चाकांना. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही. पण अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियात हौशी चालक रविवारी ट्रॅकवर नेतात अशा गाड्यांमध्ये ती अग्रभागी आहे, आणि ब्रेक बदलण्याची चर्चाही तिच्याच मालकांमध्ये जोरात असते.

थांबण्याचे अंतर कशावर ठरते?

गाडीला रस्त्यावर रोखून धरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे टायर. ब्रेक चाकाला थांबवतात आणि टायर गाडीला. चार टायर मिळून रस्त्याला जेवढी जागा चिकटलेली असते, तेवढ्या जागेतून जितकी पकड मिळेल तितकीच गाडी मंदावते.

अकरावीच्या भौतिकशास्त्रातला हिशेब इथे पुरतो. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले टायरच्या पकडीचा गुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. १०० किमी वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. कोरड्या रस्त्यावर पकडीचा गुणांक ०.९ धरला तर अंतर येते जवळपास ४४ मीटर. चांगले टायर घालून तो १ वर नेला तर ३९ मीटर. म्हणजे एका छोट्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त अंतर फक्त टायरने वाचवले. या सूत्रात डिस्कचा व्यास कुठेही नाही, पिस्टनची संख्याही नाही.

जवळपास प्रत्येक आधुनिक गाडीचे कारखान्यातून आलेले ब्रेक चाके जाम करण्याइतके जोरकस असतात. पेडल पूर्ण दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवते आणि एबीएस जागे होते, याचा अर्थ ब्रेकने टायरच्या पकडीची हद्द आधीच गाठली आहे. त्यापुढे ब्रेकचा जोर दुप्पट केला तरी एबीएस तो सोडून देणार. टोयोटा ८६ च्या बऱ्याच मॉडेलांना कंपनीने मुद्दाम २१५ मिलीमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी एचपी हे साधे, रोजच्या वापराचे टायर दिले होते. गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी हा त्यामागचा हेतू. अशा गाडीला टायर तेच ठेवून नुसते मोठे ब्रेक लावले तर थंड ब्रेकवर, एकदाच जोरात थांबताना अंतरात फरक पडण्याचे कारणच उरत नाही.

मग मोठी डिस्क करते तरी काय?

तिचे खरे काम उष्णता पोटात घेणे आणि ती लवकर बाहेर टाकणे हे आहे. पहिल्या वेळी गाडी किती अंतरात थांबते यापेक्षा दहाव्या वेळी किती अंतरात थांबते, हा तिचा विषय.

चालकासह गाडीचे वजन १,३५० किलो धरू. ट्रॅकच्या सरळ रस्त्यावर वेग १६० किमी आणि पुढच्या वळणासाठी तो ६० वर आणायचा आहे. या एका ब्रेकिंगमध्ये साधारण ११.५ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. गाडी १०० वरून पूर्ण थांबते तेव्हा हाच आकडा ५.२ लाख असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे वरच्या वेगातले ब्रेकिंग फार महागात पडते.

जोरात ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या चाकांवर येतो असे धरू. म्हणजे पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला चार लाख ज्यूल. डिस्कचे वजन ७ किलो असेल तर एका दणक्यात तिचे तापमान सुमारे ११५ अंशांनी वाढेल. साडेनऊ किलोची डिस्क असेल तर वाढ ८५ अंशांच्या आसपास राहील. ३० अंशांचा फरक किरकोळ वाटतो. पण ट्रॅकच्या एका फेरीत असे चार-पाच दणके बसतात, फेऱ्या सलग पंधरा-वीस मिनिटे चालतात आणि मधल्या वेळेत डिस्क पूर्ण थंड होत नाही. लोखंडी डिस्क ५०० अंशांच्या पुढे जाणे ट्रॅकवर नवलाचे नाही. मोठ्या डिस्कच्या दोन पृष्ठांमधल्या खाचा जास्त हवा खेचतात आणि तिचा पृष्ठभागही मोठा असतो, त्यामुळे ती निवतेही लवकर.

हाच हिशेब उलट बाजूने वाचला तर शहरातल्या चालकाचे उत्तर मिळते. ६० किमी वेगाच्या गाडीत ऊर्जा असते १.९ लाख ज्यूल. सिग्नलला थांबणाऱ्या गाडीची डिस्क तापण्याचा प्रश्नच मोठा नसतो.

ब्रेक ‘जातात’ तेव्हा नेमके काय होते?

घाट उतरताना ब्रेक लागेनासे झाले, ही तक्रार महाराष्ट्राला नवी नाही. ट्रॅकवर आणि घाटात घडणारी गोष्ट एकच असते, पण तिचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते पायाला वेगवेगळे जाणवतात.

पहिला प्रकार पॅडचा. प्रत्येक पॅडच्या मसाल्याला तापमानाची हद्द असते. ती ओलांडली की घर्षण घसरते. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, आपण जीव खाऊन दाबतो, पण गाडी हवी तशी मंदावत नाही.

दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा, आणि तो जास्त धोक्याचा. नावात ऑइल असले तरी डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारांतला द्रव ग्लायकॉल वर्गातला असतो आणि तो हवेतले पाणी शोषतो. पाणी शिरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ साठी नव्या द्रवाची किमान मर्यादा २०५ अंश आहे, पाणी शोषलेल्या द्रवाची १४०. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. डिस्कची उष्णता पॅड आणि पिस्टनमधून द्रवापर्यंत पोहोचली आणि तो उकळला, की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल स्पंजासारखे लागते आणि थेट तळाला टेकते.

पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा. पेडलच खाली जाते, तर दोष ऑइलचा. दोन्हींवरचा उपाय वेगळा आणि दोन्ही उपाय मोठ्या कॅलिपरच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त आहेत. घाटात यावरचा उपाय तर फुकटच आहे. खालच्या गियरमध्ये उतरणे, म्हणजे गाडी रोखण्याचे बरेचसे काम इंजिन करते.

चार पिस्टन म्हणजे चौपट जोर का?

नाही. जाहिरातीत पिस्टनची संख्या ठळक छापतात, पण जोर ठरतो पिस्टनच्या क्षेत्रफळावर.

साध्या गाड्यांमध्ये सरकता कॅलिपर असतो. त्याला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि प्रतिक्रियेने कॅलिपर स्वतः सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. चार पिस्टनचा कॅलिपर बहुधा स्थिर असतो, त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन पिस्टन समोरासमोर असतात. त्यामुळे तुलना करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे.

५७ मिलीमीटर व्यासाच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण २५.५ चौरस सेंटीमीटर भरते. स्थिर कॅलिपरमधल्या ३८ आणि ४२ मिलीमीटरच्या दोन पिस्टनचे मिळून २५.२. म्हणजे चार पिस्टनच्या या कॅलिपरचा चिमटा एका पिस्टनवाल्यापेक्षा किंचित कमीच जोराचा.

मग त्याचा फायदा काय? मोठा, लांबट पॅड सगळीकडे सारखा दाबला जातो, त्यामुळे तो तिरका झिजत नाही. स्थिर कॅलिपर मजबूत असेल तर जोराच्या दाबाखाली कमी ताणला जातो, पेडल घट्ट लागते आणि पायाने नेमका दाब देता येतो. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकण्याची भानगडही राहत नाही. अनेक रेसिंग कॅलिपरमध्ये पॅड काही मिनिटांत बदलता येतो. ट्रॅकवर जाणाऱ्याला या सगळ्या गोष्टी मोलाच्या आहेत. पण त्यातली कोणतीही गोष्ट म्हणजे ‘जास्त ताकद’ नव्हे.

फक्त पुढे मोठे ब्रेक लावले तर अंतर वाढू शकते, ते कसे?

कारखान्यात गाडी तयार होते तेव्हा पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये कामाची वाटणी नीट बसवलेली असते. सगळे टायर शक्यतो आपापल्या मर्यादेजवळ काम करतील आणि पुढची चाके मागच्यांच्या किंचित आधी जाम होतील, अशी ही रचना असते. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते, म्हणून ही काळजी.

आता पुढच्या डिस्कचा व्यास २९४ वरून ३२६ मिलीमीटर केला आणि पिस्टनचे क्षेत्रफळ जवळजवळ तेच राहिले असे समजू. पॅडचा जोर चाकाच्या मध्यापासून जास्त लांब लागतो, त्यामुळे तेवढ्याच पेडलदाबाला पुढची चाके साधारण १२-१३ टक्के जास्त जोराने रोखली जातात. मागची चाके मात्र होती तशीच. आधी वाटणी ७०-३० असेल तर ती ७२-२८ च्या आसपास सरकते. पुढचे टायर आधी हद्दीला पोहोचतात, एबीएस लवकर मध्ये येते आणि मागच्या टायरमध्ये शिल्लक असलेली पकड वापरलीच जात नाही. पेडलला हात लावताच गाडी ‘चावते’, चालकाला ब्रेक जबरदस्त झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्ष अंतर मात्र वाढलेले असते.

चांगल्या कंपन्या यावर उपाय करतात. डिस्क मोठी झाली की त्या प्रमाणात पिस्टन लहान करून वाटणी मूळच्या जवळ ठेवतात. खुद्द सुबारूने बीआरझेडसाठी ब्रेम्बोचे ब्रेक असलेला परफॉर्मन्स पॅक काढला तेव्हा पुढची डिस्क २९४ वरून ३२६ मिलीमीटरची झालीच, पण मागचीही २९० वरून ३१६ वर नेली. चारही कोपरे एकत्र बदलले गेले.

पिस्टन फार मोठे झाले तर आणखी एक अडचण येते. ते सरकवायला जास्त द्रव लागतो, मास्टर सिलिंडर मात्र जुनाच असतो. परिणामी पेडल जास्त खोल जाते. एबीएसचे सॉफ्टवेअरही मूळ कॅलिपर किती द्रव घेतो हे गृहीत धरून बसवलेले असते. म्हणून दुसऱ्या एखाद्या गाडीचा कॅलिपर भंगारातून आणून ब्रॅकेटवर ठोकणे हा प्रकार घातक ठरू शकतो.

चाकाचे आणि वजनाचे काय?

मोठी डिस्क चाकात मावली पाहिजे. १७ इंचांच्या रिमचा व्यास ४३२ मिलीमीटर असला तरी आतली मोकळी जागा बरीच कमी असते आणि डिस्कच्या वर कॅलिपरही बसायचा असतो. ३५५ मिलीमीटरच्या आसपासच्या डिस्कला सहसा १८ इंचांचे चाक लागते. कॅलिपर आणि आऱ्या यांच्यातही दोन-तीन मिलीमीटरची फट हवीच. ती नसेल तर स्पेसर किंवा नवी चाके घ्यावी लागतात. नवी चाके म्हणजे नवे टायर, आणि खर्च दुप्पट.

दुसरा मुद्दा वजनाचा. डिस्क, चाक आणि टायर हे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते वाढले की खड्ड्यावरून जाताना चाक रस्त्याला चिकटून राहणे अवघड होते. शिवाय डिस्क फिरती आहे. तिला वेगात आणायला आणि थांबवायला लागणारी ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून महागड्या संचांमध्ये दोन तुकड्यांची डिस्क असते. बाहेरचे कडे लोखंडाचे, मधली टोपी ॲल्युमिनियमची. पॅड झिजवतात ते कडे, त्यामुळे पुढे फक्त तेवढेच बदलता येते. कार्बन-सिरॅमिक डिस्क लोखंडीपेक्षा निम्म्याच्या आसपास वजनाच्या असतात. पोर्शेने २००१ च्या सुमारास त्या रस्त्यावरच्या गाडीत आणल्या. मात्र त्यांची किंमत इतकी आहे की, नियमित ट्रॅकवर जाणारे कित्येक मालक त्या काढून ठेवतात आणि ट्रॅकसाठी लोखंडी डिस्क लावतात.

भोके पाडलेल्या डिस्कचा उपयोग होतो का?

दिसायला त्या रेसिंगच्या वाटतात. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत, ते बाहेर जाण्यासाठी भोके उपयोगी होती. आताच्या पॅडमध्ये हा प्रश्न फारसा नाही. पावसात पाणी निघून जायला आणि वजन थोडे कमी व्हायला त्यांची मदत होते, पण भोके म्हणजे उष्णता साठवणारे लोखंड कमी आणि तडे जायला सुरुवातीची जागा. ट्रॅकवर वापरलेल्या भोकांच्या डिस्कवर भोकापासून भोकापर्यंत गेलेले बारीक तडे दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून ट्रॅकसाठी बहुतेक जण चरे पाडलेल्या डिस्क घेतात. हे चरे पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात.

नव्या डिस्क आणि पॅड बसवल्यावर ते ‘बसवून घेणे’ही आवश्यक असते. मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, टप्प्याटप्प्याने ब्रेक तापवायचे आणि मग गाडी चालती ठेवून निववायचे. यातून पॅडच्या मसाल्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. हे न करता तापलेल्या ब्रेकवर गाडी उभी ठेवली तर एका जागी जाड थर चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरते. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असे निदान होते. अमेरिकी रेसिंग अभियंते कॅरोल स्मिथ यांचे मात्र म्हणणे होते की, यातल्या बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतातच, त्यांच्यावर मसाल्याचा थर असमान बसलेला असतो.

आधी काय बदलावे?

अनुभवी ट्रॅक चालक सहसा ज्या क्रमाने जातात, तो खर्चाच्याही क्रमाने आहे.

१. ब्रेक ऑइल : जुने काढून चांगल्या प्रतीचे नवे भरणे आणि पाइपातली हवा नीट काढणे. रेसिंगसाठीच्या काही द्रवांचा नव्या अवस्थेतला उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या पुढे असतो, पण ते लवकर बदलावे लागतात. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे. तो डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचा नसतो.

२. पॅड : पॅड बदलल्याने ब्रेकचा स्वभावच बदलतो. पण खास रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क लवकर खातात. मुंबईच्या पावसात सकाळी कामावर निघालेल्या गाडीला ते धोक्याचेच. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणारे कित्येक जण ट्रॅकच्या दिवशी पॅड बदलतात.

३. टायर : थांबण्याचे अंतर खरोखर कमी करायचे असेल तर पैसे इथे घालायचे.

४. हवेची वाट : समोरच्या बंपरमधून पाइप काढून डिस्कच्या मध्यावर गार हवा सोडणे. दिसायला काहीच नाही, पण तापमानावर परिणाम होतो.

एवढे करूनही ट्रॅकवर दहा-पंधरा मिनिटांत ब्रेक तापून मान टाकत असतील, पॅड एक-दोन दिवसांत संपत असतील किंवा इंजिनाला टर्बो लावून ताकद बरीच वाढवली असेल, तर मोठ्या ब्रेकची वेळ आली असे समजावे.

बाजारात मिळणारे सगळेच संच अस्सल असतात का?

मुळीच नाही. ब्रेम्बोचे नाव छापलेली लाल प्लास्टिकची किंवा पत्र्याची झाकणे ऑनलाइन काही हजारांत मिळतात. ती मूळ कॅलिपरवर चिकटवायची असतात आणि त्यांनी गाडी एक सेंटीमीटरही आधी थांबत नाही. उलट कॅलिपरभोवतीची हवा अडते, आणि झाकण सैल झाले तर ते चाकात अडकू शकते.

त्याहून वाईट म्हणजे नकली कॅलिपर. दिसायला हुबेहूब, पण आतला धातू, सील आणि पिस्टन कोणत्या प्रतीचे हे कोणीच सांगू शकत नाही. ब्रेकवर दाब येतो तेव्हा कॅलिपर फाकला किंवा सील फुटले, तर दुसरी संधी मिळत नाही. त्यामुळे अधिकृत विक्रेता, भागाचा क्रमांक, नेमक्या गाडीसाठीच बनवलेला संच आणि बिल या चार गोष्टी तपासल्याशिवाय खरेदी करू नये.

गंमत अशी की, ज्या ब्रेम्बोच्या नावाची ही नक्कल होते तिचा कारखाना आपल्या चाकणमध्येच आहे. १९६१ मध्ये इटलीतल्या बर्गामोजवळ सुरू झालेली ही कंपनी १९७५ पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक पुरवू लागली. तिचे पुणे परिसरातले काम मुख्यतः दुचाकींसाठीच्या ब्रेकचे आहे. बजाजच्या चाकणमध्ये तयार झालेल्या केटीएम ड्यूकच्या चाकावर दिसणारे ‘बायब्रे’ हे नाव म्हणजे ‘बाय ब्रेम्बो’.

भारतात असा बदल कायदेशीर आहे का?

इथे सावध राहावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आले. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आरसीवर डिस्कचा व्यास छापलेला नसतो, त्यामुळे ‘यात आरसीचा काय संबंध’ असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. पण ब्रेक हा गाडीच्या मूळ मंजुरीत तपासला जाणारा, सुरक्षेशी थेट जोडलेला भाग आहे. त्यामुळे असा बदल करण्याआधी आरटीओकडे विचारणा करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे शहाणपणाचे. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. कंपनीची वॉरंटीही त्या भागापुरती जाऊ शकते.

जर्मनीत याची घडी जास्त स्पष्ट आहे. तिथे मोठ्या ब्रेकच्या संचाबरोबर तपासणी अहवाल किंवा मंजुरीपत्र येते, टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडे गाडी दाखवून बदल प्रमाणित करून घेता येतो. असे प्रमाणपत्र नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. आपल्याकडे हौशी मालकाला सहज वापरता येईल अशी वाट अजून नाही. त्यामुळे चांगला संच नीट बसवणारा आणि झाकणे चिकटवणारा, दोघेही तपासनीसासमोर एकाच रांगेत उभे राहतात.

मग मोठे ब्रेक कोणी लावावेत?

बुद्ध सर्किट, चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर वर्षातून अनेकदा जाणारे, गाडीची ताकद वाढवलेले आणि ऑइल-पॅड-टायर हे टप्पे पार केलेले चालक यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे. त्यांनीही संच घेताना पुढे-मागे वाटणी किती बदलते, पिस्टनचे क्षेत्रफळ किती आणि सुटी कडी व पॅड पुढची काही वर्षे मिळतील का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. उत्तर ‘दिसायला एकदम भारी आहे’ एवढेच आले तर दुकान बदलावे.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, शहरातली रहदारी आणि कधीमधी ताम्हिणी किंवा आंबोली, एवढाच वापर असेल तर मूळ ब्रेक पुरेसे आहेत, अट एवढीच की ते धडधाकट हवेत. शेवटचे ब्रेक ऑइल कधी बदलले, हे आठवत नसेल तर सुरुवात तिथून करा. बहुतेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, आणि मोठ्या ब्रेकच्या किमतीत हे काम गाडीच्या आयुष्यभर होईल.